वास कुठनं यायलाय

सोलापुरात गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वराच्या संक्रांतीतल्या जत्रेचे दिवस होते. तिळगूळ द्यायला म्हणून आत्याकडं गेले, पूर्व भागात तिचं जुनं घर आहे, दोन खोल्या आणि मागं एवढंसं अंगण. दारातनंच बघते तर आत्या फतकल मारून बसलेली, पुढं कांद्याची अख्खी गोणी ओतलेली आणि एकेक कांदा उचलून मानेपाशी अंगठ्यानं दाबून बघायलेली. "ये ये, बस तिकडं कडेला. काल रात्रीपासनं नुसता वास मारायलाय, एखादा नासलाय आत," म्हणाली. गोणी मोहोळच्या पाहुण्यांनी शेतातनं पाठवलेली, आणि ती ओट्याखाली सिलेंडरला टेकून ठेवलेली, कारण त्या स्वयंपाकघरात दुसरी जागाच नाही. नासका कांदा वरनं ओळखू येत नाही, टरफल कसं लाल, तकतकीत असतं, पण मानेला दाबलं की अंगठा आत जातो आणि चिकट पाणी येतं, मग तो हात दिवसभर धुवत बसा. असे दोन निघाले. आत्याला हायसं वाटलं. ते दोन कचऱ्याच्या डब्यात गेले, ओट्याखाली फिनेल मारून झालं, पदराला हात पुसत ती म्हणाली, चल आता चहा टाकते.

तेवढ्यात शेजारच्या अक्का आल्या. त्या घरी विड्या वळतात, हातात सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू, गप्पा मारत मारत वळायचं म्हणून आलेल्या. उंबऱ्यातच थांबल्या. "वहिनी, हा गॅस हाय तुमचा. शेगडी पेटवू नका." सूप तिथंच ठेवलं, सरळ आत जाऊन रेग्युलेटर बंद केला, मागचं दार सताड उघडलं आणि लाइटच्या बटणाला कुणी हात लावायचा नाही म्हणून दम पण दिला. नंतर गॅसवाल्यानं बघितलं तर वॉल्व्हच्या आतला वायसर चिरलेला.

दोन नासके कांदे खरे होते आणि गॅस पण खरा होता. मला तेच खुपत राहिलं. आत्या काही वेंधळी नाही, तिच्या घरात दूध कधी उतू जात नाही. तिला वास आला नव्हता असंही नाही, चांगला आदल्या रात्रीपासनं आला होता, म्हणजे तो वास ज्या कामासाठी गॅसमध्ये घातलेला असतो ते काम त्यानं चोख केलं होतं, आणि तरी बाई कांदे चाचपत बसली.

घातलेला असतो, हे तसं सगळ्यांना माहीत असतं आणि कुणाच्या लक्षात नसतं. सिलेंडरमधला प्रोपेन काय आणि ब्युटेन काय, शुद्ध असेल तर नाकाला त्याचा काही पत्ता लागत नाही. आपण ज्याला गॅसचा वास म्हणतो तो इथिल मरकॅप्टनचा, अगदी चिमूटभर मिसळलेल्या एका द्रवाचा. बीएस्सीला असताना आम्हाला हे एका ओळीत शिकवलं होतं, परीक्षेला एक मार्काचं. त्या काळात प्रयोगशाळेत हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्याचा वास कपड्यांना लागायचा आणि सिटी बसमध्ये शेजारची बाई सरकून बसायची, तेवढीच गंधकाची आमची ओळख. मरकॅप्टन त्याच घराण्यातलं, पण वरचढ. इथेनॉल घ्या, म्हणजे आपल्या साखर कारखान्यात मळीपासनं निघतं तेच, त्याच्यातला ऑक्सिजन काढून त्या जागी गंधक बसवा, झालं इथिल मरकॅप्टन. कारखान्यात खरोखर इथेनॉलवर हायड्रोजन सल्फाइड सोडून ते करता येतं, इथिलीनपासनंही करतात. एका अणूची अदलाबदल आणि ज्याचा वास घेऊन माणसं खुलतात त्याचं असं काही होतं की अब्जावधी भाग हवेत एखादा भाग असला तरी नाक मुरडतं. रंग नाही. ३५ अंशाला उकळतं, म्हणजे सोलापुरात मार्च सरता सरता बाटलीचं बूच उडवायला मोकळं. हे उडून जाणंच त्याच्या कामाचं. गॅसबरोबर सिलेंडरमधनं निघतं, गॅसबरोबर पसरतं आणि ज्वाळेत जळून जातं, म्हणून पेटलेल्या शेगडीपाशी त्याचा मागमूस नसतो. हिशोबही नीट केलेला आहे. घरगुती गॅस हवेत साधारण २ टक्क्यांच्या आसपास झाला की ठिणगीला पेट घेऊ शकतो, तर त्याच्या पाचव्या हिश्श्यालाच सर्वसाधारण नाकाला कळलं पाहिजे एवढं मरकॅप्टन घालायचं, असा दंडक.

म्हणजे सगळा हिशोब हवेचा झाला. त्या नाकाच्या मागं जे डोकं आहे त्याचा हिशोब कुणी धरायचा?

कारण सोलापूरच्या डोक्यात डिसेंबर-जानेवारीत कांदा असतो. हैदराबाद रोडला बाजार समितीकडं एकदा रात्रीचं जाऊन या म्हणजे कळेल. शेकडो ट्रक, टेम्पो, छोटा हत्ती, लाइन पार हायवेपर्यंत, ड्रायव्हर लोक गाडीखालीच चादर टाकून झोपलेले, आणि सगळ्यावर तो वास. ताज्या कांद्याचा वेगळा, उग्र पण स्वच्छ असा. त्याच्या खाली दुसरा एक असतो, ओलसर, गोडूस, घशात अडकणारा, तो भिजलेल्या मालाचा. परतीचा पाऊस लांबला की काढणीचा लाल कांदा शेतातच ओला होतो, तसाच भरून येतो आणि गोणीत सडायला लागतो. लिलावात व्यापारी गोणी फोडून हात घालतो, नुसता हात हुंगतो आणि भाव पाडतो. २०२३ च्या फेब्रुवारीत बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला याच बाजारात ५१२ किलो कांद्याचे, हमाली तोलाई सगळं वजा जाऊन, हातात २ रुपये ४९ पैसे आले होते, सगळ्या देशानं ते वाचलं. अशा वर्षी तर माल रस्त्याकडेलाच ओतून जातात लोक, आणि मग आठ-पंधरा दिवस त्या बाजूनं गाडीवर जाताना तोंडाला रुमाल.

आता गंमत अशी की आत्याचं नाक खोटं बोलत नव्हतं. कांदा जमिनीतनं गंधक ओढून घेतो आणि आपल्या पेशींमध्ये निरनिराळ्या संयुगांत साठवून ठेवतो, नुसता पडून असतो तेव्हा त्याला फारसा वास नसतो. सुरी लागली की पेशी फुटतात, वेगवेगळ्या कप्प्यांतलं एकत्र येतं आणि डोळ्यांत पाणी आणणारा वायू तयार होतो. तो तयार करायला कांद्यात एक वेगळंच एन्झाइम असतं हे जपानी संशोधकांनी २००२ साली दाखवलं, तोवर हे सगळं आपोआप होतं असंच समजत होते. त्याच खटाटोपात प्रोपिल मरकॅप्टनसारखी मंडळीही बाहेर पडतात. आणि कांदा सडला की जिवाणू त्या गंधकाच्या साठ्यावर तुटून पडतात, मग तर मरकॅप्टनची जत्राच. म्हणजे सिलेंडरमधला वास आणि गोणीतला वास हे चुलतभाऊ आहेत, आणि माझ्या आत्यानं फक्त एका भावाच्या नावानं दुसऱ्याला हाक मारली. नाशिककडच्या बायकांचंही असंच होत असेल काय, कुणीतरी विचारायला पाहिजे.

हा घाण वास घालायची सक्ती कशी आली ती गोष्ट मी नंतर वाचली आणि वाचल्यावर दोन दिवस डोक्यातनं गेली नाही. अमेरिकेत टेक्सासमध्ये न्यू लंडन नावाचं गाव, तेलाच्या विहिरींमुळं पैशात लोळणारं, पोरांसाठी मोठी झकास शाळा बांधलेली. शाळेनं गॅसचं बिल वाचवायला म्हणून कंपनीचं कनेक्शन बंद केलं आणि तेलाबरोबर निघणारा, एरवी जाळून टाकतात तो वायू एका पाइपमधनं फुकट ओढून घेतला. तिकडं बरेच जण तसं करायचे. पाइप गळत होता, गॅस इमारतीच्या खालच्या पोकळीत साठत होता, आणि त्याला वासच नव्हता. पोरं डोकं दुखतंय म्हणत होती, पण पोरं डोकं दुखतंय म्हटल्यावर कोण तळघर तपासायला जातंय. १८ मार्च १९३७ ची दुपार, शाळा सुटायला थोडाच वेळ, सुतारकामाच्या वर्गात मास्तरांनी लाकूड घासायचं मशीन चालू केलं. त्या ठिणगीत जवळजवळ तीनशे जण गेले, बहुतेक सगळी लेकरं. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत टेक्सासनं कायदा केला की गॅसला वास असलाच पाहिजे, मग बाकीचे त्याच वाटेनं गेले. ओट्याखालनं भपकारा आला की आपण आधी नाकाला पदर लावतो, अगं बाई म्हणतो, वैतागतो. त्या शाळेतल्या एखाद्या बाईंना हाच भपकारा आला असता तर त्यांनी वर्ग बाहेर काढला असता एवढंच.

हे वाचल्यापासनं मला त्या वासाबद्दल कौतुकच वाटायला लागलं होतं, आणि कौतुक वाटायला लागलं की आपण जरा जास्तच वाचत बसतो. खाणींमध्ये म्हणे जमिनीखाली एवढ्या खोलवर भोंगा ऐकू जात नाही, म्हणून आग लागली की हवा खाली ढकलणाऱ्या पंख्यातच इथिल मरकॅप्टन सोडतात, वास आला की कामगारांनी हत्यारं टाकून निघायचं. कॅलिफोर्नियात गॅसची पाइपलाइन कुठं फुटली ते बघायला कंपनीचे लोक आकाशाकडं बघायचे, कारण तिथली टर्की व्हल्चर नावाची गिधाडं गळतीच्या जागेवर घिरट्या घालत. मेलेल्या जनावरातनं जे निघतं त्यातही मरकॅप्टन असतं, गिधाडाला वाटायचं खाली जेवण आहे. आपल्याकडची गिधाडं नजरेनं शोधतात, त्यांना हा उपयोग नव्हता. उपयोग असता तरी आता ती राहिलीत किती.

पण मग थायमेट आठवलं.

मामाचं शेत मंगळवेढ्याकडं, काळी जमीन, ज्वारीचा मुलूख. सुट्टीला गेलं की आम्हा पोरांना सगळीकडं मोकळीक, फक्त विहिरीजवळच्या पत्र्याच्या खोलीत जायचं नाही. तिथं पोती, फवारणीचा पंप आणि थायमेटच्या पिशव्या. दार बंद असलं तरी त्या खोलीच्या दहा पावलांत गेलं की तो वास घशाशी यायचा, लसूण कुजल्यासारखा, जड, आणि उन्हाळ्यात पत्रा तापला की जास्तच. ज्वारीला खोडमाशी, उसाला हुमणी, सगळ्यावर थायमेट, मातीत कालवून हातानंच फेकायचं. साप येत नाही म्हणून घराच्या पाठीमागं चार दाणे टाकून ठेवणारे पण होते. शास्त्रातलं त्याचं नाव फोरेट, आणि फोरेट बनवायचं तर कच्च्या मालात इथिल मरकॅप्टन लागतं. म्हणजे ज्याचं मी एवढं गुणगान करत होते ते एका कारखान्यातनं निघून सिलेंडरमध्ये राखणदार म्हणून जातं आणि दुसऱ्या कारखान्यातनं मज्जासंस्थाच बंद पाडणारं विष होऊन निघतं. फोरेटच्या वापरावर आपल्याकडं ३१ डिसेंबर २०२० पासनं पूर्ण बंदी आहे. बंदी योग्यच होती, आणि उशिरा आली असं माझं मत. मामा मात्र अजून म्हणतो की त्याच्यासारखं औषध परत झालं नाही, आणि त्याच्या हातावर तो वास किती वर्षं होता ते तो सांगत नाही.

बाकी या घराण्याची कामं बघायला गेलं तर संपत नाहीत. कोंबडीच्या खाद्यात मका आणि सोयाबीन घालतात त्यात मिथिओनीन कमी पडतं, ते कारखान्यात बनवून वरनं घालावं लागतं आणि ते बनवायला मिथिल मरकॅप्टन लागतं, म्हणजे रविवारच्या रश्श्यापर्यंत याचा हात पोचलाय. टायरचं रबर बनवताना एका लांब साखळीचं मरकॅप्टन घालतात, रेणू हाताबाहेर लांब वाढू नयेत म्हणून. पार्लरमध्ये केस सरळ करायच्या क्रीमचा आणि घरी केस काढायच्या क्रीमचा तो एक विशिष्ट वास असतो ना, अत्तर कितीही ओता, खालनं डोकावतोच, तो पण यांच्याच नात्यातल्या आम्लाचा, केसातल्या गंधकाच्या गाठी सोडवायचं काम ते आम्ल करतं. आणि भाजलेल्या कॉफीच्या दरवळात जो जीव असतो त्यातही एक मरकॅप्टन आहे, अगदी नावापुरतं. जरा जास्त झालं तर कप कुणी तोंडाला लावणार नाही.

हे सगळं तयार होतं तिथं राहणाऱ्यांचं काय होत असेल, हा विचार मला टाळता येत नाही. जानेवारी २०१३ मध्ये फ्रान्समधल्या रुआँ शहरातल्या एका रसायन कारखान्यातनं मरकॅप्टन सुटलं तर वास पॅरिसपर्यंत गेला आणि समुद्र ओलांडून इंग्लंडच्या दक्षिण भागात पोचला, लोक फोन करकरून गॅस गळतोय म्हणून सांगायला लागले. दोन देशांचा विषय म्हणून बातमी झाली. अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या आसपास राहणाऱ्याला रात्री कुठला तरी वास आला तर तो उठून खिडकी लावतो आणि झोपतो, त्याची बातमी होत नाही.

झोपेवरनं आठवलं, नाक झोपेतनं उठवत नाही. आवाजानं जाग येते, वासानं येईलच असा भरवसा धरता येत नाही, प्रयोगशाळेत झोपलेल्या माणसांवर हे करून बघितलेलं आहे. आणि आपला गॅस हवेपेक्षा जड, तो वर जात नाही, जमिनीलगत पसरत जातो, म्हणजे सतरंजी टाकून खाली झोपणाऱ्याच्या उशाशी सगळ्यात आधी. जागं असलं तरी नाक थोड्या वेळात दमतं, सतत येणारा वास ते मोजायचंच सोडून देतं. आत्या रात्रभर त्याच हवेत होती, सकाळपर्यंत तिच्या लेखी तो वास घरातला झाला होता, आणि अक्का, दिवसभर तंबाखूच्या खकाण्यात बसणाऱ्या अक्का, बाहेरनं आल्या म्हणून त्यांना पहिल्या श्वासात कळलं. कोविडनंतर ज्यांचं नाक परत आलंच नाही अशा दोघीतिघी माझ्या ओळखीत आहेत, एकीला फोडणी करपलेली कळत नाही म्हणून ती तव्यासमोरनं हलत नाही. शिवाय मरकॅप्टन स्वतः पण दगा देतं कधीकधी, नव्या किंवा आतनं गंजलेल्या लोखंडाच्या टाकीत ते हळूहळू लोखंडाच्या नादी लागून बदलतं, वास उतरतो, गॅस तेवढाच राहतो.

आमच्या गल्लीत येणारा गॅसवाला या बाबतीत अगदी स्पष्ट आहे. सिलेंडर बुडाच्या कडीवर कलता करून फिरवत फिरवत आत आणतो, टोपण काढतो आणि वॉल्व्हच्या तोंडात तांब्यातलं पाणी ओततो. मग वाकून बघत राहतो. बुडबुडा आला तर खिशातनं नवा वायसर काढून बसवतो, जुना बोटांनी उचकटून काढतो. रेग्युलेटर लावला की नळीच्या सांध्यांना साबणाचा फेस. मी एकदा म्हटलं, दादा तुम्हाला तर लगेच वास कळत असेल. तर म्हणाला, "माझ्या नाकाचं काय घेऊन बसलाय ताई, ते सकाळी गाडीत बसलं की गेलं." मग जाता जाता गॅस गळतीचा १९०६ नंबर फ्रिजवर लिहून ठेवा म्हणाला, रात्री अपरात्री लागतो.

परवा त्याला मी एक ऐकलेली गोष्ट सांगितली. अमेरिकेतल्या गॅस कंपन्या गिऱ्हाइकांना छोटी कार्डं वाटतात, नखानं खरवडलं की मरकॅप्टनसारखा वास येतो, म्हणजे घरातल्या पोरासोरांना आधीच ओळख व्हावी. २०१३ मध्ये माँटानातल्या ग्रेट फॉल्स नावाच्या गावात कंपनीनं अशा जुन्या कार्डांचे खोके कचऱ्यात टाकले, कचऱ्याच्या गाडीत ते चेपले गेले आणि गाडी गावभर वास सांडत गेली. लोक इमारती रिकाम्या करून रस्त्यावर. तो पोट धरून हसला. मी म्हटलं, हसू नका, पण आपल्याकडं अशी कार्डं वाटायला पाहिजेत की नाही, निदान कांद्याचं आणि ह्याचं वेगळं कळेल बायकांना. त्यानं हातातला काढलेला वायसर माझ्यापुढं धरला. "कार्डं कशाला छापायची ताई, हे घ्या की. रोज पन्नास निघतात, दारोदार हुंगायला देत जातो."

घेतला मी तो. काय घाण वास होता.